विश्लेषण : भाषण उमेदवाराचे, धोरण सल्लागारांचे?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार परराष्ट्र धोरणावर काय बोलतो, यापेक्षा त्याचे सल्लागार कोण, हे आधी पाहायला हवे. २०००ची निवडणूक हे त्याचे ठळक उदाहरण.

काय घडले होते?
जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना परराष्ट्र व्यवहाराचा फारसा अनुभव नव्हता. कोंडोलिझा राइस यांच्या नेतृत्वाखालील ‘व्हल्कन्स’ गटाने त्यांची तयारी करून घेतली. ऑक्टोबरमधील जाहीर वादचर्चेत बुश यांनी नम्र अमेरिकेची भाषा केली. परक्या देशांची घडी बसवणे हे आपल्या सैन्याचे काम नाही, असेही सांगितले.

मग इराक युद्ध कसे?
सद्दाम हुसेन यांना हटवण्याची मागणी करणारे पत्र जानेवारी १९९८मध्येच तत्कालीन अध्यक्ष क्लिंटन यांना गेले होते. त्यावर याच गटातील पॉल वुल्फोवित्झ आणि रिचर्ड आर्मिटेज यांच्या सह्या होत्या. बुश जिंकले आणि हे दोघे अनुक्रमे संरक्षण व परराष्ट्र उपमंत्री झाले. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनी वातावरण बदलले, हे खरेच. पण २००३मध्ये इराकवर चढाई करण्यासाठी नवा विचार शोधावा लागला नाही. तो सत्तेत आधीच बसला होता.

धडा काय?
भाषण प्रचारासोबत संपते, सल्लागार मात्र सरकारात येतात. म्हणून ‘काय करणार?’सोबतच ‘कोणाला सोबत आणणार?’ हेही मतदारांनी विचारावे.