गुबगुबीत बूट कोणाला हवेत?



डब्लिन मॅरेथॉन ऑक्टोबरच्या शेवटी असते, पण तिची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. मग वर्ग सुटण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या पालकांच्या गप्पांत घरभाड्याची जागा बूट घेतात. जाड, गुबगुबीत सोलचे, दोनशे युरोच्या घरातले बूट! आता मुलेही तसलेच 'रनर्स' मागू लागली आहेत. मागच्या सत्रात एक मुलगा 'माझे बूट साधे आहेत' म्हणून रविवारच्या ज्युनिअर पार्करनला आलाच नाही. हे ऐकल्यावर या विषयावर लिहावेसे वाटले.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण कोणतेही साधन घेण्याआधी ते कोणत्या कामाचे आहे हे पाहावे, एवढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातच शिकवतात.

आधी काम समजून घेऊ. धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट जोर येतो. ७० किलोच्या माणसाच्या बाबतीत हा जोर १७५ किलोचा होतो. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. तिच्या तयारीत आठवड्यातून एकदा २५-३० किलोमीटर सावकाश धावावे लागते, म्हणजे पंचवीस-तीस हजार पावले. बुटाच्या सोलमध्ये फोमचा जाड थर असतो. त्यातले असंख्य बारीक बुडबुडे दाबले जातात आणि पुन्हा फुगतात. त्यामुळे जोर नाहीसा होत नाही, तो थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर वाटला जातो. तालमीतल्या आखाड्याची माती उकरून मऊ ठेवतात ती याच कारणासाठी.

आपल्या वर्गाच्या पालकांपैकी काही जण असे बूट घालून धावतात. त्यांना अनुभव विचारले. एक ताई म्हणाल्या, "तीन तास धावले तरी दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता येतो." एका काकांचे म्हणणे वेगळे : फिनिक्स पार्कमधल्या ओल्या गवतावर उंच सोलमुळे घोटा डुगडुगतो. तिसऱ्यांचा अनुभव असा, की सहाशे किलोमीटरनंतर बूट वरून नवा दिसतो, पण आतला फोम दबून गेलेला असतो. चौथ्यांची तक्रार आपल्या सर्वांच्या ओळखीच्या पावसाबद्दल. भिजला की बूट जड होतो आणि आत वर्तमानपत्र कोंबूनही लवकर वाळत नाही.

यात खोटे कोणीच बोलत नाही. वजन, वेग, वाट आणि पायाची ठेवण वेगळी, म्हणून अनुभवही वेगळा. संशोधनही असेच सावध आहे. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना, कोणते ते न सांगता, मऊ किंवा कडक सोलचे बूट देऊन सहा महिने पाहिले. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मऊ सोलवाल्यांना दुखापती कमी झाल्या. गंमत म्हणजे हा फायदा कमी वजनाच्या लोकांत स्पष्ट दिसला, जास्त वजनाच्या लोकांत तसा दिसला नाही. आपल्यापैकी ज्यांनी पोट सुटले म्हणून मऊ बूट घेतले, त्यांनी याची नोंद घ्यावी! फिनलंडमध्ये २०१८ साली १२ धावपटूंवर केलेल्या प्रयोगात तर जोरात धावताना अतिजाड सोलच्या बुटात जमिनीचा धक्का साध्या बुटापेक्षा जास्त आढळला. खाली मऊ लागले की पाय आपोआप ताठ होतो, असे त्याचे कारण दिले आहे.

म्हणून मोठ्यांसाठी माझे मत असे : आठवड्याच्या लांब, संथ धावेसाठी गुबगुबीत बूट जरूर घ्यावेत. दिवसभर खुर्चीत बसून चाळिशीत धावायला लागलेल्या पायांना त्यांची मदत होते. पण घालून पाहून, पायाला आरामशीर वाटतील तेच घ्यावेत. गेल्या वर्षीचे मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर तेही चालेल. किंमत म्हणजे औषधाची मात्रा नव्हे.

मुलांची गोष्ट मात्र वेगळी. ज्युनिअर पार्करन २ किलोमीटरची, ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आणि फुकट. एवढ्या अंतराला इतकी गादी लागत नाही. शिवाय मुलांचे पाय अजून घडत असतात. कर्नाटकातल्या मणिपालच्या डॉक्टरांनी १९९२ साली २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून निष्कर्ष मांडले. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट तळपाय ८.६ टक्के आढळले, अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के. बंद बुटांचा परिणाम चपलांपेक्षा जास्त होता.

मुलांनो, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत लहानपणी अनवाणी धावत. पुढे २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. दोघींची सुरुवात महागड्या बुटांनी झाली नाही.

अर्थात अनवाणी धावणे ही हौस नव्हती, परवडत नव्हते म्हणून ते होते. त्याचे नुसते कौतुक करू नये आणि इथल्या थंडीत, काचा पडलेल्या फुटपाथवर कोणी ते करायलाही जाऊ नये. मुद्दा एवढाच, की धावणे हा सर्वांत कमी खर्चाचा खेळ आहे. त्याच्या दाराशी आपण दोनशे युरोचे तिकीट लावले, तर आत येणारी मुले कमी होतील. आणि हे तिकीट दुकानदार लावत नाही. आईबाबा मुलांसमोर कशाबद्दल बोलतात, त्यातून ते लागते.

शेवटी एक सूचना. मुलांचे पाय वर्षाच्या आत वाढतात आणि चांगले बूट घरात पडून राहतात. वर्गात एक खोके ठेवू या. लहान झालेले रनर्स धुऊन, आत नंबर लिहून त्यात टाकावेत, ज्याला बसतील त्याने न्यावेत. सोल एका बाजूने झिजलेला असेल तर मात्र टाकू नये. खोके मी आणतो.

पटले तर घ्यावे. न पटल्यास पुढच्या अंकात जरूर लिहावे.

— एक पालक