खिशातले प्रशिक्षण

नोकरीतल्या प्रशिक्षणात मोबाइल कसा वापरावा, याची चर्चा प्रथम संमेलनांच्या सभागृहांत रंगली. २००२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात 'एमलर्न' हे संमेलन भरले, तेव्हा आयफोन यायला पाच वर्षे होती आणि ती चर्चा मुख्यतः संशोधकांची होती. उद्योगांच्या प्रशिक्षण विभागांना जाग आली ती नंतर. जून २०१० मध्ये ई-लर्निंग गिल्ड या अमेरिकी संस्थेने केवळ मोबाइलसाठी 'एमलर्नकॉन' हे संमेलन सॅन दिएगोत भरवले.

त्याआधी दोनच महिने, आयफोन-आयपॅडवर फ्लॅश हे तंत्रज्ञान का चालणार नाही, हे स्टीव्ह जॉब्ज यांनी खुल्या पत्रात सांगितले होते. कंपन्यांचे बहुतेक संगणकीय अभ्यासक्रम तर फ्लॅशमध्येच बांधलेले. त्यामुळे अभ्यासक्रम फोनवर 'बसवायचा' कसा, हीच पुढची काही वर्षे मोठी चिंता होऊन बसली. पाऊण तासाचा, 'पुढे-पुढे' दाबत जायचा धडा तसाच आक्रसून चार इंचांत आला. पाच रकान्यांच्या तक्त्यातली अक्षरे मोहरीएवढी झाली. त्यालाच मोबाइल लर्निंग म्हणायची पद्धत पडली.

या काळात काहीच साधले नाही, असे मात्र नाही. शिकल्याची नोंद ठेवण्याचे आधीचे स्कॉर्म हे मानक ब्राउझरमध्ये उघडलेल्या अभ्यासक्रमापुरते पाहायचे. २०१३ मध्ये आलेल्या एक्सएपीआय या नव्या मानकामुळे ब्राउझरबाहेर, नेटवर्क नसतानाही केलेल्या कामाची नोंद ठेवून ती मागाहून पाठवता येऊ लागली. त्याहून मोलाची ठरली कॉनरॅड गॉटफ्रेडसन आणि बॉब मोशर या प्रशिक्षणतज्ज्ञांची मांडणी. त्यांच्या मते शिकण्याची गरज पाच वेळी पडते: नवे शिकताना, अधिक शिकताना, शिकलेले कामात वापरताना, काही बिघडल्यावर आणि पद्धत बदलल्यावर. पहिल्या दोन वेळांना वर्ग पुरतो. उरलेल्या तीन वेळी कामगार वर्गात नसतो, पण फोन खिशात असतो.

लिफ्टच्या यंत्रखोलीत उभ्या असलेल्या तंत्रज्ञाचे पाहा. एका हातात टॉर्च, दुसऱ्याचा अंगठा तेवढा मोकळा, समोर पॅनेलवर बिघाडाचा क्रमांक. त्याला हवे असते ते त्या क्रमांकाला आधी काय तपासायचे, एवढेच. तेही फोनमध्ये आधीच उतरवलेले, कारण तिथे रेंज असेलच असे नाही. प्रास्ताविक, उद्दिष्टे आणि शेवटची प्रश्नमंजूषा तिथे अडगळच.

हातातल्या फोनवर, कामापुरते तेवढेच द्यायचे, ही गोष्ट बिहारमध्ये चांगली कळली होती. २०१२ मध्ये बीबीसी मीडिया अ‍ॅक्शन या संस्थेने आशा कार्यकर्त्यांसाठी तिथे 'मोबाइल अकादमी' सुरू केली. ना अ‍ॅप, ना इंटरनेट; साध्या बटणाच्या फोनवरून क्रमांक फिरवायचा आणि माता-बालआरोग्याचे धडे ऐकायचे. फोन मध्येच ठेवला तर पुढच्या वेळी धडा तिथूनच सुरू. जोडीला 'मोबाइल कुंजी': कडीत ओवलेली चाळीस सचित्र कार्डे. गरोदर बाईच्या घरी योग्य ते कार्ड काढायचे, त्यावरचा क्रमांक लावायचा, की 'डॉ. अनिता' हे पात्र बोलू लागे. घरातल्यांना चित्र दाखवता येई आणि डॉक्टरांचा आवाजही ऐकवता येई. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मोबाइल अकादमी देशपातळीवर न्यायला सुरुवात केली.

त्याच २०१६ मध्ये एमलर्नकॉनचे स्वतंत्र अस्तित्व संपले. गिल्डने मोबाइल, व्हिडिओ आणि खेळ यांचे मिळून 'फोकसऑन लर्निंग' हे एकच संमेलन केले. ते योग्यच झाले. फोन प्रत्येकाच्या हाती आल्यावर त्याचा वेगळा तंबू ठोकण्यात अर्थ नव्हता. अभ्यासक्रमांची दुकाने मात्र संमेलनांत अजून मांडलेली असतात. खरेदीचा अधिकार असलेल्यांनी तिथल्या स्टॉलवर एवढेच करावे: डेमो रंगात आला की वायफाय बंद करायला सांगावे, आणि पुढचे सारे एका अंगठ्याने करून दाखवायला लावावे.