हार्पसिकॉर्डवर देब्यूसी : वाजवावा की वाजवू नये?

नवे यंत्र आले की जुने अडगळीत जाते आणि ते तसे जाणेच योग्य, असे आपण सहज गृहीत धरतो. कंदिलाच्या जागी विजेचा दिवा आला, बोरू-टाकाच्या जागी बॉलपेन आले. जुन्याला जे जमत होते ते सारे नव्याला जमते, शिवाय आणखी काही जमते, म्हणून ही अदलाबदल झाली अशी आपली समजूत असते. दिव्यांच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. वाद्यांच्या बाबतीत मात्र ती तपासून पाहायला हवी. त्यासाठी पाश्चात्त्य संगीतातील एक छोटासा वाद उपयोगी पडेल.

युरोपात पियानोच्या आधी हार्पसिकॉर्ड नावाचे पट्ट्यांचे वाद्य घरोघरच्या दिवाणखान्यांत आणि राजदरबारांत वाजत असे. इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने नवे वाद्य बनवले. हळू आणि मोठा, असे दोन्ही आवाज देणारे हार्पसिकॉर्ड, अशा अर्थाचे लांबलचक नाव त्याला मिळाले. त्यातले ‘पियानो’ म्हणजे हळू. पुढे शंभर वर्षांत पियानोने हार्पसिकॉर्डला जवळजवळ हद्दपार केले. विसाव्या शतकाच्या आरंभी क्लोद देब्यूसी (१८६२–१९१८) आणि मोरीस राव्हेल (१८७५–१९३७) या फ्रेंच संगीतकारांनी पियानोसाठी ज्या रचना केल्या, त्यांना मॉने वगैरे चित्रकारांच्या संप्रदायावरून दृक्‌प्रत्ययवादी किंवा इंप्रेशनिस्ट संगीत म्हणतात. देब्यूसीला स्वतःला हे नाव मुळीच आवडत नसे. पण ते चिकटले ते चिकटलेच. धुके, पाण्यावरची तिरीप, दूरची घंटा असे काहीतरी या संगीतातून ऐकू येते.

आता प्रश्न असा : हे संगीत हार्पसिकॉर्डवर वाजवावे काय? काही वादक तसे वाजवून पाहतात आणि त्यांच्यावर दोन्हीकडून टीका होते. पियानोचे चाहते म्हणतात, ‘हे संगीत पियानोच्या पोटातून जन्मले, ते हार्पसिकॉर्डवर वाजवणे म्हणजे जलरंगातले चित्र कोळशाने काढणे.’ हार्पसिकॉर्डचे चाहते म्हणतात, ‘आमच्या वाद्याने सतराव्या-अठराव्या शतकातच राहावे.’ माझे मत असे की ते जरूर वाजवावे, मात्र निवड करून आणि कान उघडे ठेवून. हे मत पटवून देण्यासाठी प्रथम या दोन वाद्यांच्या पोटात शिरू या.

हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकावर उभी असलेली लाकडाची चपटी चीप वर उचलली जाते. या चिपेला एक बारीकशी नखी बसवलेली असते. पूर्वी ती पक्ष्याच्या पिसाच्या देठाची करीत, आता बहुधा प्लॅस्टिकची करतात. ही नखी वर जाताना तार छेडते. पट्टी सोडली की चीप खाली येते, नखी एका छोट्या बिजागरीमुळे तार पुन्हा न छेडता मागे सरकून निसटते, आणि चिपेवरचा बनातीचा तुकडा तारेवर टेकून आवाज थांबवतो. म्हणजे हे वाद्य आपल्या सतारीच्या जातीचे. पियानोत याउलट नमदा लावलेली लाकडी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे हटते. तो संतूरचा भाऊबंद.

छेडणे आणि आपटणे यांत भौतिकीच्या दृष्टीने मोठाच फरक आहे. कोणतीही तार एकाच कंप्रतेने कंप पावत नाही. मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांचे अधिस्वरही तिच्यात असतात, आणि त्यांच्या कमीजास्त प्रमाणावर ध्वनीचा गुण ठरतो. अरुंद नखीने तार ओढली की सुटण्यापूर्वी तिच्यात एक टोकदार कोपरा तयार होतो. आकार जितका टोकदार तितके त्यात उंच अधिस्वर अधिक. म्हणून हार्पसिकॉर्डचा आवाज चकचकीत, किणकिणता. पियानोची हातोडी रुंद आणि मऊ. ती तारेला काही मिलिसेकंद टेकून राहते आणि तेवढ्यात उंच अधिस्वर पुष्कळसे दाबून टाकते. त्यामुळे आवाज गोल आणि भरीव येतो. जोराने आपटल्यास नमदा दबून घट्ट होतो आणि आवाज मोठा होतानाच उजळतो. हळू आपटल्यास तो मंद आणि मखमली होतो. हार्पसिकॉर्डची नखी मात्र पट्टी कशीही दाबली तरी तार जवळपास तेवढीच ओढून सोडते. त्यामुळे बोटाच्या जोराने आवाजात फारसा फरक पडत नाही.

देब्यूसीला हार्पसिकॉर्डवर नेताना काय हरवते ते आता सांगता येईल.

पहिली गोष्ट, आवाजाचा चढउतार. देब्यूसीच्या ‘प्रील्यूड’ संग्रहाचा पहिला भाग १९१० साली प्रसिद्ध झाला. त्यातील ‘बुडालेले कॅथीड्रल’ ही रचना धुक्यातून आल्यासारखी अगदी हळू सुरू होते, मध्ये प्रचंड मोठी होते आणि पुन्हा विरते. हार्पसिकॉर्डमध्ये तारांचा दुसरा संच जोडून आवाज वाढवता येतो खरा. पण ते जिन्याच्या पायऱ्या चढण्यासारखे आहे, घाटाच्या वळणदार चढासारखे नव्हे.

दुसरी गोष्ट, पियानोचा उजवा पेडल. तो पायाने दाबला की सर्व तारांवरचे नमदे एकदम उचलले जातात. बोट काढले तरी सूर वाजत राहतो. शिवाय न वाजवलेल्या ताराही अनुनादाने झंकारू लागतात, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या. याच संग्रहातील ‘व्वाल’ या रचनेत खर्जातला एक सूर पुनःपुन्हा येतो आणि त्यावर दोन्ही हात वरच्या सप्तकांत फिरतात. तो सूर हार्पसिकॉर्डवर आहे. पण बोट उचलताच बनातीचा तुकडा त्याला गप्प करतो. पेडल नाही आणि तिसरा हातही नाही!

तिसरी गोष्ट, पल्ला. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या असतात. सर्वांत खालच्या सुराची कंप्रता सेकंदाला २७.५ आणि सर्वांत वरच्याची सुमारे ४१८६. अठराव्या शतकातील मोठ्या हार्पसिकॉर्डचा पल्ला साधारण पाच सप्तकांचा, म्हणजे आजच्या पट्टीत मोजले तर सुमारे ४४ पासून १४०० पर्यंत. राव्हेलच्या ‘पाण्याचे खेळ’ (१९०१) या रचनेत पियानोचा अगदी तळाचा सूर येतो. हार्पसिकॉर्डवर तो नाहीच, त्यामुळे तेथे रचना बदलावीच लागते.

आणखी एक बारीक मुद्दा सुरांच्या जुळणीचा. ‘व्वाल’मधले बरेचसे संगीत सप्तकाचे सहा समान भाग करणाऱ्या स्वरपंक्तीवर रचलेले आहे. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर प्रत्येक पायरी २०० सेंटची. हार्पसिकॉर्ड पुष्कळदा जुन्या, असमान पद्धतीने जुळवतात. त्यांपैकी प्रसिद्ध अशा ‘मीनटोन’ जुळणीत याच सहा पायऱ्यांपैकी पाच सुमारे १९३ सेंटच्या आणि एक २३४ सेंटची निघते. बेरीज करून पाहा, १२०० च येते. पण पायऱ्या समान राहत नाहीत. जेथे कोणताच सूर ‘घर’ वाटू नये अशी संगीतकाराची इच्छा आहे, तेथे कान त्या मोठ्या पायरीवर अडखळतो. तेव्हा असे संगीत वाजवण्यापूर्वी वाद्य समान अंतरांनी जुळवून घेतले पाहिजे.

एवढे सगळे हरवते, तर मग वाजवावे कशाला? माझी कारणे तीन आहेत.

पहिले कारण इतिहासाचे. हार्पसिकॉर्ड आणि हे संगीतकार एकमेकांना परके नव्हते. १८८९ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात देब्यूसीने जावा बेटातील गॅमेलान हा धातूच्या वाद्यांचा मेळ ऐकला, हे प्रसिद्धच आहे. त्याच प्रदर्शनात फ्रेंच कारखानदारांनी नव्याने बनवलेली हार्पसिकॉर्डही मांडली होती. राव्हेलने १९१४ ते १९१७ या काळात लिहिलेली एक पियानो-रचनामाला फ्रान्स्वा कूपरँ (१६६८–१७३३) या हार्पसिकॉर्डच्या थोर संगीतकाराच्या नावाने आहे. आणि देब्यूसीने आयुष्याच्या अखेरीस सहा सोनाटा लिहिण्याचा संकल्प केला होता. त्यांपैकी तीनच पुऱ्या झाल्या. चौथी ओबो, हॉर्न आणि हार्पसिकॉर्ड यांच्यासाठी असणार होती. १९१८ साली तो वारला नसता तर आजचा वाद कदाचित उद्भवलाच नसता.

दुसरे कारण असे की हार्पसिकॉर्डजवळ धुके निर्माण करण्याची स्वतःची रीत आहे. पेडल नसल्यामुळे जुन्या वादकांनी बोटांनाच पेडल बनवले. स्वरसमूह एकदम न दाबता एकामागून एक छेडायचा आणि प्रत्येक बोट पट्टीवर तसेच धरून ठेवायचे, म्हणजे सूर एकमेकांत मिसळत जातात. सतराव्या शतकातील लुई कूपरँ याने तर अशा काही रचना लिहिल्या की त्यांत सुरांच्या कालमात्राच दिलेल्या नाहीत. कोणता सूर किती रेंगाळू द्यायचा हे वादकाने ठरवायचे. ज्याला ही रीत अवगत आहे तो देब्यूसीच्या शांत रचनांपुढे अगदीच निःशस्त्र नसतो. काही रचना तर मुळातच छेडलेल्या तारेचे स्वप्न पाहणाऱ्या आहेत. त्याच पहिल्या संग्रहातील ‘खंडित सेरेनेड’ ही रचना गिटारसारखी वाजवावी, अशी सूचना देब्यूसीने लिहून ठेवली आहे. पियानोची हातोडी तेथे नखीची नक्कल करते. हार्पसिकॉर्डवर नकलेची गरजच उरत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते विज्ञानाचे आहे. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो, बाकीचे शक्य तेवढे तसेच ठेवतो आणि काय बदलले ते पाहतो. येथे सूर तेच, क्रम तोच. बदलले ते वाद्य. ऐकताना जे नाहीसे झाले ते पियानोचे होते. जे टिकले ते रचनेचे होते. ‘या संगीतात रंगच सर्वकाही’, असे पुष्कळदा म्हटले जाते. रंग पुष्कळसा काढून घेतल्यावरही स्वरांची रेखा उभी राहते की कोसळते, हे पाहण्याचा याहून सोपा मार्ग नाही. कॅथीड्रल बहुधा कोसळेल, सेरेनेड बहुधा उभी राहील. दोन्ही निष्कर्ष मोलाचे आहेत. फसलेला प्रयोगही काही शिकवतोच.

‘पण संगीतकाराने पियानोसाठी लिहिले ना?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. रचनेत फेरफार केले असतील तर वादकाने ते श्रोत्यांना स्पष्ट सांगावेत. देब्यूसीच्या नावावर आपली जोडणी खपवू नये. परंतु बदल मुळातच निषिद्ध मानू नये. कूपरँच्या नावाच्या त्या मालेतील सहापैकी चार भागांचे राव्हेलने १९१९ साली स्वतःच वाद्यवृंदासाठी रूपांतर केले. त्याला आपली रचना एकाच यंत्राला जखडून टाकायची नव्हती.

आपल्याकडे हार्मोनियमबद्दल असाच वाद झाला. या पेटीवर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हे आक्षेप खरे होते आणि आजही खरे आहेत. १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले. ते १९७१ च्या सुमारास उघडू लागले. पण मधल्या काळात पेटी काही मुकी झाली नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी ती काय करू शकत नाही याची तक्रार न करता ती काय करू शकते याचा शोध घेतला होता. मर्यादा नाकारणे हे अज्ञान, आणि मर्यादा पाहून प्रयत्नच न करणे हा आळस. या दोहोंच्या मधली वाट कलावंताची आणि वैज्ञानिकाचीही आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. ध्वनीचा पाठ शिकवताना वर्गात एखादे तुणतुणे, गिटार किंवा सतार आणावी. तार प्रथम मध्यावर, मग टोकाजवळ छेडावी. एकदा नखाने, एकदा अंगठ्याच्या मऊ भागाने. नंतर पेन्सिलीला जाड कापड गुंडाळून तिने तारेवर हलकेच टोला द्यावा. तार तीच, ताण तोच, मूलस्वर तोच. तरी आवाज दर वेळी निराळा. मुलांनी डोळे मिटून कोणता आवाज कशाने काढला ते ओळखावे आणि वहीत लिहावे. त्यानंतर शक्य झाल्यास देब्यूसीची एखादी रचना दोन्ही वाद्यांवर ऐकवावी. ‘कोणते वाद्य श्रेष्ठ?’ असे विचारू नये. ‘काय गेले, काय राहिले, काय नवे आले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने वर्गात भांडण होईल. दुसऱ्याने मुले ऐकायला शिकतील.