घर आमचे, किल्ली साहेबांची

शेतकरी व कारागीर बंधूंनो, तुमच्या वाड्याला कुलूप घालून मुनीम किल्ली कनवटीला लावून बसला आणि वर म्हणू लागला, "मालक, तुमच्याच भल्यासाठी बसलो आहे", तर त्याला ओट्यावर किती दिवस बसू द्याल? जालना जिल्हा परिषदेचे व भोकरदन पंचायत समितीचे मतदान 2017 च्या फेब्रुवारीत झाले. 2022 च्या मार्चात पाच वर्षे भरली, सभासद घरी गेले आणि खुर्चीवर प्रशासक आला. जिल्ह्याला मुख्य कार्यकारी अधिकारी, तालुक्याला गटविकास अधिकारी. पुढे 2025 साल सरले तरी मतदानाचा पत्ता नव्हता!

राज्यघटनेचे 243 ई कलम काय सांगते? पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून एक दिवस जास्त नाही. आणि मुदत संपण्याच्या आत नवी निवडणूक उरकलीच पाहिजे. मधेच पंचायत बरखास्त झाली तरी सहा महिन्यांत मतदान. इतके स्वच्छ लिहिले असता तीन वर्षांहून अधिक काळ घर रिकामे राहते, याला सरकारी भाषेत "तांत्रिक अडचण" म्हणतात. कुळाने शेतसारा थकवला तर त्याला कोणी तांत्रिक अडचण म्हणत नाही.

बरे, अडचण तरी कसली? 2024 साली मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात लोकसभेचे मतदान झाले, नोव्हेंबरात विधानसभेचे झाले. तेव्हा यंत्रे होती, पोलीस होते, याद्या होत्या, आणि पेट्या वाहायला आम्ही मास्तर लोक तर होतोच. शाळेला कुलूप लावून आम्ही केंद्रावर हजर. मुंबई-दिल्लीची खुर्ची भरायची तेव्हा सगळे जमते. गावच्या दवाखान्यात औषध का नाही, गुरांचा डॉक्टर का येत नाही, पोरांच्या डोक्यावरची कौले कोण बदलणार, हे विचारणारा माणूस निवडायचा म्हटले की मात्र पंचांग काढून मुहूर्त पाहतात!

सांगितले असे गेले की हे सारे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी चालले आहे. माळी, तेली, कुंभार, लोहार, सुतार, न्हावी बंधूंनो, येथे कान देऊन ऐका. सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच बजावले होते की स्थानिक संस्थांत हे आरक्षण ठेवायचे तर आयोग नेमा, मागासलेपणाची नीट माहिती गोळा करा. पुढची अकरा वर्षे या पक्षांचे राज्य झाले, त्या पक्षांचे झाले, पण तुमची मोजदाद करायला कोणाला सवड झाली नाही. 2021 च्या मार्चात न्यायालयाने चाप लावला तेव्हा सगळे तुमच्या नावाने गळा काढू लागले. बांठिया आयोगाचा अहवाल आला, 2022 च्या जुलैत न्यायालयाने तो मान्य करून निवडणुका घेण्यास सांगितले. मग तर वाट मोकळी होती ना? पण त्याआधीच, मार्चमध्ये, गट-गण पाडण्याचा अधिकार निवडणूक आयोगाच्या हातून सरकारने आपल्याकडे ओढून घेतला होता. एका सरकारने सभासदांची संख्या वाढवली. जूनमध्ये ते पडले, आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारने ती पुन्हा खाली आणली. भांडण न्यायालयात गेले ते गेलेच. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत मतदान उरका म्हटले; तीही मुदत टळली आणि जानेवारी 2026 अखेरपर्यंत वाढवून घ्यावी लागली. तुमच्या सत्तावीस टक्क्यांसाठी ज्यांनी ही उठाठेव केली म्हणतात, त्यांच्या राज्यात त्या सभागृहात तुमचे शेकडा शून्य बसले. बायांचे निम्मे, त्यांचेही शून्य.

कोणी शहाणा म्हणतो, "साहेब बरे, निदान टक्केवारी तरी नाही." साहेबाशी आमचे वैर नाही, काही साहेब खरेच कामाचे असतात. पण साहेबाची बदली होते. सभासदाला मात्र त्याच गावात मयतीला, लग्नाला, राजूरच्या गणपतीला यावे लागते, आणि पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात कोणीही त्याचा सदरा धरून "आमच्या रस्त्याचे काय?" असे विचारू शकतो. साहेबाच्या दाराशी चिठ्ठी द्यावी लागते. आणि ज्या ठरावावर भांडण होत नाही तो ठराव मुंबईहून आला काय किंवा ठेकेदाराच्या घरून आला काय, आपल्याला कळणार कसे?

आमच्या आज्यांनी निजामाचा तहसीलदार पाहिला. त्याला कोणी निवडत नव्हते, कोणी काढू शकत नव्हते. पलीकडे इंग्रजी मुलखात लॉर्ड रिपनने 1882 सालीच स्थानिक कारभारात निवडून दिलेली माणसे असावीत असा ठराव केला होता. आमच्याकडे 1948 चा सप्टेंबर उजाडावा लागला, आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषद आली तेव्हा कुठे कुणब्याचे पोर जिल्ह्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले. परके हुजूर गेले. आता जे राज्य करतात ते आपल्याच आळीतले, आपल्याच आडनावांचे. म्हणून तर त्यांना बोलायला आपली जीभ जड होते. आमदाराला मतदारसंघात दुसरा मोठा माणूस उगवायला नको असतो. तालुक्यात सभासद नसला की प्रत्येक दाखल्यासाठी, प्रत्येक विहिरीसाठी लोक त्याच्याच वाड्यावर येतात. कुलपाचे गणित हे आहे, आणि ते कोणत्याही झेंड्याच्या आमदाराला कळते.

तेव्हा जिल्हा परिषदेसाठी मत मागायला जो कोणी येईल, त्याला चहा द्या, पाट द्या, आणि एवढेच विचारा: 2022 च्या मार्चापासून घर बंद होते, तेव्हा तुम्ही कोणत्या कचेरीवर गेलात, कोणता अर्ज केलात, त्याची पोच दाखवा. तो म्हणेल, "तेव्हा मी सभासदच नव्हतो." त्याला सांगा, सभासद आम्हीही नव्हतो, पण शेतसाऱ्यावरचा जिल्हा परिषदेचा उपकर भरत होतो.