नीटमध्ये ‘पात्र’ म्हणजे प्रवेश नव्हे. बारावी सायन्सच्या घरांनी फॉर्म भरण्याआधी मांडायचं गणित

नीटचा निकाल लागला की गावागावात अभिनंदनाचे फलक लागतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘नीट पात्र’ असा फोटो फिरतो, पेढे वाटले जातात. आणि दुसऱ्याच दिवसापासून पालकांच्या मोबाईलवर अनोळखी नंबरचे फोन सुरू होतात. ‘तुमचा मुलगा क्वालिफाय आहे, एमबीबीएसची सीट पक्की करून देतो, आज टोकन भरा.’ अनेक घरांचं गणित इथंच बिघडतं. पात्र होणं आणि प्रवेश मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फोन करणाऱ्याला नीट माहीत असतं. घरच्यांना मात्र बऱ्याचदा माहीत नसतं.

आकडे काय सांगतात?

२०२५ च्या नीटला देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं बसली. त्यातली १२ लाख ३६ हजारांहून जास्त पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी आणि खासगी धरून, सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांमागे जागा साधारण एक. सरकारी फीची जागा धरली तर वीस मुलांमागे एक.

त्या वर्षी खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती. १४४ गुणांवर सरकारी एमबीबीएस मिळत नाही. त्या गुणांवर फक्त प्रवेश प्रक्रियेच्या रांगेत उभं राहता येतं. एजंट लोक नेमकं हेच लपवतात.

दुसरी चूक होते ती गुणांची तुलना करताना. ‘मागच्या साली शेजारच्या पोराला अमुक मार्कांवर लागलं होतं’ हे वाक्य घराघरात ऐकू येतं. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ चा पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण ६८६ होते. त्यामुळे एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाला लावून चालत नाही. बघायचा तो क्रमांक: अखिल भारतीय रँक आणि राज्याच्या गुणवत्ता यादीतला नंबर. मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजात, कोणत्या प्रवर्गात, शेवटचा प्रवेश कितव्या नंबरला झाला, याची यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. त्यासाठी कुणाला दहा हजार रुपये द्यायची गरज नाही.

जागा कुठं आहेत?

सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या मुलांसाठी. २०२० मध्ये राज्यानं ७०:३० चा प्रादेशिक कोटा रद्द केला. त्याआधी मराठवाडा-विदर्भातल्या पोरांना दुसऱ्या विभागातल्या कॉलेजात जायला अडचण होती. आता राज्यभर एकच गुणवत्ता यादी चालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशिम, अमरावती, भंडारा, गडचिरोली, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई अशा दहा ठिकाणच्या नव्या सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं आणि राज्यात सुमारे ९०० जागा वाढल्या.

जागा वाढल्या ही चांगली गोष्ट. पण नव्या कॉलेजात प्रवेश घेताना एक फेरी मारून यावी. रुग्णालयात खाटा किती भरलेल्या असतात, सगळ्या विभागांना शिक्षक आहेत का, वसतिगृह तयार आहे का, हे तिथं शिकणाऱ्या मुलांना विचारलं की कळतं. डॉक्टर इमारतीत बसून नाही, पेशंटजवळ उभं राहून शिकतो. तरीही सरकारी फीवर घराजवळ मिळालेलं नवं कॉलेज, कर्ज काढून घेतलेल्या चकचकीत कॉलेजापेक्षा बहुतेक घरांना परवडणारं असतं.

इथं एक इशारा महत्त्वाचा. राज्याच्या ८५ टक्क्यांत बसायचं असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. अपवाद मोजके आहेत. क्लासच्या नादात अकरावी-बारावीचं नाव राजस्थान किंवा हैदराबादच्या कॉलेजात टाकलेल्या मुलाचा हा हक्क जाऊ शकतो. हा निर्णय दहावीनंतर घेतला जातो, त्याचा फटका दोन वर्षांनी बसतो. तेव्हा काहीच दुरुस्त करता येत नाही.

फीचं गणित वर्षाचं नाही, साडेचार वर्षांचं

सरकारी कॉलेजात एमबीबीएसची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास आहे. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तीसुद्धा कॉलेजागणिक लाखांनी वेगळी. अनेक अभिमत विद्यापीठांत वर्षाला २० लाखांच्या पुढे आकडा जातो. साडेचार वर्षांचे ९० लाख, वर वसतिगृह आणि मेस. इथं ‘दोन एकर विकू’ म्हणून भागत नाही.

कर्जाचा हिशेबही कागदावर मांडावा. ३० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं दहा वर्षांत फेडायचं म्हटलं, तर महिन्याचा हप्ता जवळपास ४० हजार होतो. शिकत असतानाचं व्याज वेगळं. नुसत्या पदवीवर सुरुवातीच्या वर्षांत एवढा हप्ता देऊन घर चालेल का, हा प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारायचा असतो. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळतं आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. पण आपलं कॉलेज त्या यादीत आहे की नाही, हे आधी तपासावं लागतं.

मुलींच्या पालकांसाठी मोठा बदल २०२४-२५ पासून झाला आहे. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. ‘पोरीवर एवढा खर्च कशाला’ म्हणणाऱ्या घरात हा शासन निर्णय वाचून दाखवायला हवा.

एमबीबीएस नाही, मग काय?

दहातल्या नऊ जणांचा खरा प्रश्न हा आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. नाव ‘डॉक्टर’ लागतं की नाही, यापेक्षा पदवी हातात आल्यावर कायद्यानं काय करता येतं आणि तालुक्यात त्याची गरज किती, हे बघायला हवं.

बीएएमएस आणि बीएचएमएस हे दोन्ही साडेपाच वर्षांचे, इंटर्नशिप धरून. दोन्हींना नीट लागते. गावाकडच्या दवाखान्यांचा मोठा भार या डॉक्टरांवरच आहे. पण अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहिण्याच्या अधिकारावरून वाद सुरू आहेत. एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये आयएमएच्या डॉक्टरांनी राज्यात संप केला. ‘शेवटी सगळे तेच करतात’ या भरवशावर साडेपाच वर्षं घालवू नयेत. आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकायची तयारी असेल तरच तिकडं जावं.

पशुवैद्यकीय पदवी हा ग्रामीण मुलांनी सगळ्यात कमी विचारात घेतलेला पर्याय. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर, मुंबई इथं सरकारी कॉलेजं आहेत. प्रवेश नीटच्या गुणांवर, पण अर्ज वेगळा भरावा लागतो. एमबीबीएसच्या गडबडीत ती तारीख निघून जाते. जिथं घरटी म्हैस आणि गल्लोगल्ली दूध संकलन केंद्र आहे, तिथं या डॉक्टरला काम नाही असं होत नाही. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं.

बीएससी नर्सिंग चार वर्षांचं आहे आणि राज्यात त्याची सीईटी वेगळी. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठीही ही पदवी चालते, मात्र ती पदं कंत्राटी आहेत, हेही लक्षात ठेवावं. फिजिओथेरपीलाही नीट लागते. बी. फार्मसी आणि बीएससी अ‍ॅग्री एमएचटी-सीईटीवर होतात. फार्मसीची कॉलेजं आता तालुक्या-तालुक्यात झाली आहेत, त्यामुळे जवळ आहे म्हणून नव्हे, तर प्रयोगशाळा आणि शिक्षक बघून कॉलेज निवडावं. ज्यानं फक्त नीटचा फॉर्म भरला आणि सीईटीचा नाही, त्याचे निम्मे दरवाजे बारावीच्या परीक्षेआधीच बंद झालेले असतात.

रिपीट करायचं की नाही?

नीटला वयाची वरची मर्यादा नाही, किती वेळा द्यायची यावरही बंधन नाही. म्हणूनच काही घरांत तिसरं, चौथं वर्ष सुरू असतं. इथं भावनेपेक्षा नंबर बघावा. मागच्या वर्षीच्या शेवटच्या प्रवेशाच्या जवळ नंबर असेल, नेमका कोणता विषय कच्चा राहिला हे मुलाला सांगता येत असेल आणि त्याची स्वतःची तयारी असेल, तर एक वर्ष देणं समजू शकतं. नंबर लाखांनी लांब असेल आणि क्लास तोच, पद्धत तीच असेल, तर निकाल फार वेगळा लागत नाही. क्लास, मेस आणि खोलीचे एक-दोन लाख जातातच, त्याहून जास्त पोराचं मन खचतं. ‘काका काय म्हणतील’ म्हणून रिपीट करणं हे सगळ्यात महाग कारण.

परदेशातल्या एमबीबीएसच्या जाहिरातीही याच काळात येतात. नियम स्पष्ट आहेत: नीट पात्रता लागते, अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, तिथं १२ महिन्यांची इंटर्नशिप, परत आल्यावर परवाना परीक्षा आणि इथं पुन्हा इंटर्नशिप. त्या परीक्षेत डिसेंबर २०२४ मध्ये ३० टक्क्यांहूनही कमी मुलं पास झाली. जाहिरातीत विमानतळावरचा फोटो असतो, हा आकडा नसतो.

कागद आणि पसंतीक्रम

प्रवेश जाण्याचं सगळ्यात साधं कारण कागद. जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता लागते, आणि वैधतेला महिने जातात. ते काम अकरावीतच सुरू करावं. नॉन-क्रीमी लेअरची मुदत संपलेली नाही ना, ते बघावं. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात, राज्याचा दाखला तिथं चालत नाही. एसईबीसी हा प्रवर्गही फक्त राज्याच्या प्रक्रियेत आहे.

पसंतीक्रम भरताना ‘मिळेल ते वर’ लिहायचं नसतं, ‘हवं ते वर’ लिहायचं असतं. यंत्रणा वरून खाली बघत जाते आणि नंबरात बसणारी पहिली जागा देते. वर मोठं कॉलेज लिहिल्यानं खालचं हातचं जात नाही. उलट, जिथं जायचंच नाही किंवा ज्याची फी झेपणार नाही, ते कॉलेज यादीत लिहू नये. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा नाकारली तर प्रक्रियेतून बाद व्हायची पाळी येऊ शकते, आणि ठराविक तारखेनंतर जागा सोडली तर दंडही बसतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केल्यावर एक वर्षाची सक्तीची सेवा आहे, नाही केली तर १० लाख भरावे लागतात. हे सगळं त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका मोठी असते, पण दोन संध्याकाळी बसलं तर वाचून होते.

शेवटी निर्णय एका खोलीत, सगळ्यांसमोर व्हावा. बाप खर्चाचा आकडा सांगेल, आई काळजी सांगेल, पण पाच वर्षं अभ्यास पोराला करायचा आहे. त्याला किंवा तिला रक्त बघून चक्कर येते का, जनावरांत रमतं का, रुग्णाची सेवा जमेल का, हे घरातल्या कुणी शांतपणे विचारलंय का? नसेल, तर एजंटचा फोन उचलण्याआधी तेवढं विचारून घ्यावं.