पायाची किंमत कोण ठरवतो?



मुंबईत कफ परेडला टोलेजंग इमारतींच्या शेजारी मच्छीमार नगर ही कोळ्यांची वस्ती आहे. समजा, तिथल्या रस्त्यावर एकाच मोटारीने दोघांना उडवले. एक पगारदार साहेब, दुसरी टोपली घेऊन निघालेली कोळीण. दोघांचा पाय मोडला, अपंगत्व सारखेच आले. भरपाई मात्र सारखी मिळत नाही. साहेबाकडे पगाराची पावती आहे, कोळिणीकडे फक्त तिचा शब्द. तिची आणि आपल्या कापूस-ज्वारीवाल्याची गत एकच: घाम आहे, पावती नाही.

हिशेब समजून घ्या. औषधपाणी, उपचारात बुडालेली कमाई आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई वेगळी. मोठी रक्कम असते ती पुढच्या आयुष्यात बुडणाऱ्या कमाईची. ३८ वर्षांच्या शेतकऱ्याची महिन्याची कमाई १०,००० रुपये धरली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे, स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के जादा, म्हणजे १४,०००. ही वाढ जखमींनाही मिळते, हे न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. वर्षाचे झाले १,६८,०००. काम करण्याची ताकद ४० टक्के गेली, तर वर्षाला नुकसान ६७,२००. २००९ च्या सरला वर्मा निकालाने ३६ ते ४० वयाला १५ चा गुणक दिला आहे. एकूण १०,०८,००० रुपये.

आता कमाई ६,००० च धरा. रक्कम होते ६,०४,८००. पाय तोच, वय तेच. कागद नाही म्हणून ४,०३,२०० रुपये गेले.

दुसरी मेख टक्क्यांची. डॉक्टरच्या दाखल्यावर पायाचे अपंगत्व लिहिलेले असते. तो आकडा म्हणजे बुडालेली कमाई नव्हे. माणसाला त्याचे नेहमीचे काम किती करता येईल ते पाहा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. ज्याला डवऱ्यामागे चालता येत नाही, पाठीवर पंप घेऊन फवारता येत नाही, त्याचे नुकसान खुर्चीत बसून काम करणाऱ्याहून जास्त आहे. हे दाव्यात लिहा आणि साक्षीत बोला.

तिसरी मेख आपल्या जिव्हारी लागणारी. हरियाणातल्या एका शेतकऱ्याच्या मृत्यूच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले, की जमीन तर वारसांकडे राहिलीच. नुकसान आहे ते शेत सांभाळणाऱ्या माणसाचे. युक्तिवाद ऐकायला सरळ आहे. पण कोरडवाहू जमीन आपोआप पिकते काय? माणूस काढून घ्या, उरते ती तणाची पैदास. आधारभाव ठरवताना घरच्या माणसाच्या मजुरीवरून आपण वर्षानुवर्षे भांडत आलो. ते भांडण न्यायाधिकरणातही चालू आहे.

तेव्हा जमीन दाखवून थांबू नका, आपली मेहनत दाखवा. सातबारा, पीकपाहणी, बाजार समितीची आणि जिनिंगची पट्टी जपून ठेवा. जखमी झाल्यावर सालगडी किंवा मजूर लावावा लागला, तर त्याला दिलेल्या पैशाची सही घ्या. शेजाऱ्याची साक्ष द्या. कागद नाही म्हणून हातपाय गाळू नका. २०११ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हमालाची महिना ४,५०० रुपयांची कमाई त्याच्या सांगण्यावरून मान्य केली होती.

मुंबईला कामाला गेलेला पोरगा तिथे अपघातात सापडला, तरी दावा आपल्या जिल्ह्यात, राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. पेरणी होऊ द्या, मग बघू, असे म्हणू नका.

शेवटचे. विमा कंपनीचा माणूस तडजोडीचा आकडा घेऊन येईल. घरात उसनवारी असेल, आकडा मोठा वाटेल. आधी वरचा हिशेब मांडा, मग बोला. तडजोड वाईट नाही, बिनहिशेबी तडजोड वाईट. लोकअदालतीत सही झाली की तो निवाडा अंतिम. त्यावर अपील नाही.

कापसाचा भाव दुसऱ्याने ठरवला, तो सोसून आपण पुढच्या हंगामाची वाट पाहिली. मोडलेल्या पायाला पुढचा हंगाम नसतो.