दंडाची पावती आहे, काडाचा भाव कोठे आहे?

गहू निघाला की माळव्याची संध्याकाळ धुराने काळवंडते. आपण खिडक्या लावून घेतो आणि शेतकऱ्याच्या अडाणीपणाला बोल लावतो. हा निवाडा आम्हांस मान्य नाही.

आपल्यापैकी कित्येक जुन्या घराण्यांच्या जमिनी आजही बटाईने दिलेल्या आहेत. हिश्शाचा गहू आपल्या घरी येतो. त्याच वावरातला धूर मात्र 'त्यांचा' ठरतो! हार्वेस्टर धसकटे उभी ठेवून निघून जातो. ती काढायची तर यंत्र, डिझेल आणि मजुरी. जाळायची तर दोन रुपयांची काडेपेटी. पंजाबात भातानंतर गव्हाला जेमतेम तीन आठवडे मिळतात. येथे उन्हाळी मूग न घेणाऱ्याला सोयाबीनच्या पेरणीपर्यंत दोन महिन्यांहून अधिक अवधी असतो. अडचण वेळेची नव्हे, पैशाची आहे.

यावर शासनाने काय केले? मे २०२५ पासून नरवाई जाळणाऱ्याला किसान कल्याण योजनेचा निधी नाही आणि हमीभावाने खरेदीही नाही. शिक्षा ठरली, काड विकत घेणारा मात्र गावात आला नाही.

उपाय अज्ञात आहे असेही नाही. इंदुरात २०२२ साली रोज ५५० टन ओला कचरा पचवून वायुइंधन देणारे संयंत्र सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पानिपतास, होय, आपल्या त्या पानिपतास, वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याच्या योजनेने इंडियन ऑइलचा कारखाना उभा राहिला. काड ओल्या कचऱ्याइतके सहज कुजत नाही, हे खरे. ते बारीक करून शेणाबरोबर मिसळावे लागते. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

कोणी म्हणेल, काड मातीतच मुरावे. जेथे परवडते तेथे अवश्य मुरवावे. परंतु आज निवड माती की इंधन अशी नाही. राख की इंधन अशी आहे. शिवाय वायुसंयंत्रातली स्लरी खत होऊन वावरातच परत जाते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गव्हाच्या हंगामात तहसिलीच्या मंडीत काडाचेही वजन व्हावे आणि त्याचा भाव फळ्यावर लिहिला जावा. तोवर काड गोळा करून गठ्ठे बांधण्याचा निम्मा खर्च मालकाने सोसावा, असे कलम आपण आपल्या बटाईच्या करारात घालू या. ज्यांना एवढेही जमणार नाही, त्यांनी धुराची तक्रार करू नये.